आमच्या घराला पायरी नाही

चादरी अजून बादलीतच आहेत. एक पिळून झाली होती, दुसरी हातात होती, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. देवापुढे बसले तरी नाव ओठांवर येईना, म्हणून आज आधी वही उघडली.

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे कोडवाली म्हणतात. तिचा नवरा बोटीवर असतो. ती दवाखान्यात बसून छातीच्या विभागाच्या फायली वाचते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराचा एक ठरलेला कोड असतो, तो टाकायचा हे तिचं काम. यात अवघड ते काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "ताई, डॉक्टर नुसतं लिहितात, श्वासनळीत कफाचं बूच. कशामुळे? दम्यामुळे? न्यूमोनियामुळे? त्यापायी फुफ्फुस बसलं का? सगळ्याचे कोड वेगळे. आणि मला कळलं म्हणून मी टाकू शकत नाही. फाईल परत पाठवायची, त्यांनी लिहायचं, मग मी टाकायचा." बरगडी मोडली तर तिचा एक कोड, कशी मोडली त्याचा दुसरा. बरगडी फुफ्फुसात घुसलेल्या बायका येतात आणि फायलीत असतं, पायरीवरून पडली. मग कोडही पडल्याचाच. "या पायऱ्या बायकांवरच का डूख धरतात, देव जाणे," असं म्हणून ती चहा ओतून घेते.

सासरे जुने दमेकरी. मागे त्यांच्याही नळीत असंच बूच अडकून फुफ्फुस बसलं होतं. घरी सोडताना दवाखान्यातल्या बाईंनी धाकटीला शिकवलं, छातीखाली उशा, डोकं खाली, तळवा वाटीसारखा करून पाठीवर थापायचं, म्हणजे कफ सुटतो. रोज हा सोहळा चालायचा. बाबा ओरडायचे, "सून आणली की धोबीण?" ती म्हणायची, "कपडे बरे, उलटून बोलत नाहीत."

आज मात्र बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ निळे पडले. "ताई, ॲम्ब्युलन्स!" धाकटी ओरडली. मी फोन केला आणि चादर हातात तशीच घेऊन खोलीत धावले. त्याच वेळी हे बाहेरून आले. यांना दिसलं ते एवढंच, की बाप खाली डोकं करून लोंबतोय आणि धाकटी भावजय त्याला बडवतेय.

यांना आधी विचारायची सवय नाही. घरातली दोन कपाटं यांच्या हातानं वाकडी झालीत, आणि माझा एक कान कामातून गेलाय.

यांनी तिचे केस धरले आणि तिला भिंतीवर आपटलं. "माझ्या बापावर हात टाकतेस?"

"भाऊजी, कफ अडकलाय! सोडा मला!" ती पुन्हा पलंगाकडे झेपावली. यांनी तिचा उजवा हात धरून पाठीमागे पिरगाळला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ती यांच्या मनगटाला कडकडून चावली, रक्त आलं. यांनी लाथ घातली तशी ती पलंगाच्या पायावर जाऊन आदळली. आणि बाबा तिकडे माशासारखी तोंडाची उघडझाप करत होते.

मी देवाचं नाव घेतलं आणि हातातली ओली चादर यांच्या तोंडावर हाणली. तिला पीळ होता, पाणी होतं, काठीसारखी बसली. पुन्हा हाणली. हे नाक धरून खालीच बसले. बोटांतून रक्त गळत होतं.

"ताई, इकडे या," धाकटी जमिनीवरून म्हणाली. "तळवा वाटीसारखा करा. जोरात. घाबरू नका, मारा!"

मी सासऱ्यांना मारलं. जन्मात कुणावर हात उचलला नव्हता, आज एका दमात बाप-लेक दोघंही झाले. बाबांच्या घशात गुरगुर झाली आणि फरशीवर कफाचा जाड तुकडा पडला, मुळासारखे फाटे फुटलेला. त्यांनी किंचाळल्यासारखा श्वास आत ओढला. जरा वेळानं पहिला शब्द निघाला तो यांच्याकडे बघून, "नालायका."

ॲम्ब्युलन्सनं बाबांना आणि धाकटीला तिच्याच दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. बाबांना ठेवून घेतलं. धाकटीचा हात बघून डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "कसा मोडला?"

"पायरीवरून पडली," हे नाकाला रुमाल लावून मागोमाग आले होते, ते पटकन म्हणाले.

तो कागद शेवटी धाकटीच्याच शेजारच्या टेबलावर जायचा होता, आणि त्यावर असेल तोच कोड त्याला लागायचा होता. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ती माझ्याकडे बघत होती. यांच्याबरोबर घरी परत मला जायचं होतं ना.

मी म्हटलं, "आमच्या घराला पायरी नाही."

हे माझ्याकडे वळले. तो डोळा मी ओळखते. डॉक्टरीणबाईंनी यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"थोरल्या दिरानं पिरगाळला," धाकटी म्हणाली. "अगदी असंच लिहा. त्यालाही कोड आहे."

बाईंनी लिहिलं. धाकटीनं मान तिरकी करून ते शब्द न् शब्द वाचून घेतलं आणि मगच हात प्लास्टरसाठी पुढे केला.

हे अजून घरी आलेले नाहीत. दाराला आतून कडी आहे. धाकटीला झोप लागलीय, हात उशीवर ठेवून. सकाळी तिला पोलीस चौकीत जबाब द्यायला जायचं आहे.