कोंबड्यांचा आवाज किती एमबीचा

एसटीत तिकिटं फाडण्यात माझी सगळी नोकरी गेली. बाजाराच्या दिवशी नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीत माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती आणि नव्या पत्र्याच्या पेट्या असं सगळं कोंबून दार लावायचं, हे माझं काम. "पुढं सरका, पुढं जागा हाय" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की एकदा लग्नाच्या पंगतीतही तोंडातून निघून गेलं होतं. रिकामी जागा वाया गेलेली मला बघवत नाही. बायको पिठाचा डबा भरते तेव्हा मी शेजारी उभा राहतो आणि डबा आपटून आपटून पीठ खाली बसवतो. ती म्हणते, "अवं, डब्याला पोचे येतील." येऊ देत. पीठ तर मावतं.

निवृत्तीनंतर मार्गासनीला घरी बसलो आणि हा स्वभाव रिकामाच राहिला. मग त्याला काम मिळालं ते मुलामुळे.

मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात आहे. एकदा चढला की आठ-नऊ महिने घराचं तोंड दिसत नाही. गेल्या खेपेला तो गेला तेव्हा त्याची मुलगी पालथीसुद्धा पडत नव्हती. जहाजावर नेट असतं, पण रेशनच्या रॉकेलसारखं, मोजून. रोज थोडं मिळतं, त्यात त्याने घरच्यांशी बोलायचं की पोरीचे व्हिडिओ बघायचे, हे त्याने ठरवायचं. पहिल्याच महिन्यात त्याचा निरोप आला, "आबा, लई मोठं नका पाठवू. एक व्हिडिओ उतरवला की दोन दिवस फोन न्हाई करता येत."

इकडे पोर मोठी होत होती. बोलायला लागली तेव्हा तिने पहिल्यांदा "बाबा" म्हटलं ते मोबाईलला. सगळे हसलो. मग लक्षात आलं, मोबाईल माझा असो, सूनबाईचा असो की शेजारच्याचा, चालू असो की बंद असो, पोर त्याच्याकडे हात करून "बाबा" म्हणते. तिच्या दृष्टीने बाप म्हणजे ती काळी चपटी वस्तूच. सूनबाई हसता हसता आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीला बाप कळत नाही तर नाही, निदान बापाला तरी पोर दिसत राहिली पाहिजे, आणि तिचा एकही महिना त्याच्या हातून निसटू द्यायचा नाही, असं मी मनाशी धरलं.

मुलाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्याची बॅटरी मेलेली, वायर लावली तरच जीव धरायचा. त्यावर मी कामाला लागलो. फाईल दाबून लहान करणारी सॉफ्टवेअर असतात एवढं ऐकून होतो. एक लॅपटॉपमध्ये आधीपासूनच होतं. दुसरं फुकटातलं, सूनबाईने उतरवून दिलं. तिसरं विकतचं, पण पैसे न भरताही चालणारं. रोज उघडलं की "पैसे भरा" म्हणायचं आणि मी "बघू" म्हणायचो. आमचं छान जमलं होतं.

तिघांची शर्यत लावली. शर्यत म्हणजे न्यायाने. तिघांना फाईल एकच, लॅपटॉपवर दुसरं काही चालू नाही, समोर भिंतीवरचं घड्याळ. निकाल खडूने दाराच्या मागे. आधी माझ्या लेखांची फाईल घातली. निवृत्तीनंतर मी घाटातल्या गमतीजमती टाईप करत बसतो, कोणी वाचत नाही. फुकटातल्याने ती इतकी लहान केली की मला माझ्या लिखाणाबद्दल शंका यायला लागली. विकतचं त्याच्या मागोमाग होतं. लॅपटॉपमधलं घरचं होतं ते सगळ्यात आधी मोकळं झालं, पण फाईल फुगीरच राहिली. थोडक्यात, जो वेळ घेतो तो घट्ट बांधतो आणि जो घाई करतो त्याची पेंढी वाटेत सुटते.

मग खुशीत येऊन पोरीचा व्हिडिओ घातला. फुकटातलं बराच वेळ घुमत राहिलं, पंखा घरघरला, लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापला आणि शेवटी फाईल बाहेर आली ती जेवढ्यास तेवढी. विकतच्याने तर आणखी किंचित मोठी केली. पालथ्या घड्यावर पाणी. बायको म्हणाली, "सकाळधरनं काय दळताय? पीठ तर काय दिसंना."

दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कंडक्टरच्या भाषेत उलगडा झाला. माझ्या लेखांची फाईल म्हणजे दुपारची गाडी. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा, मध्ये मध्ये मोकळी बाकं. तिथे "पुढं सरका" म्हटलं की जागा होते. मोबाईलने काढलेला व्हिडिओ म्हणजे बाजाराच्या दिवशीची गाडी, मोबाईलनेच आधी कोंबून भरलेली. त्यात आता कोणी कितीही ओरडा, कोणी सरकणार नाही. गाडी लहान हवी असेल तर काही माणसं खालीच उतरवायला पाहिजेत.

म्हणजे चित्रातला थोडा भाग सोडून द्यायचा. त्याचीही सॉफ्टवेअर निघाली आणि दाराच्या मागे दुसरी शर्यत सुरू झाली. एक पद्धत जुनी, चटकन होणारी. चहा पिऊन येईतो फाईल तयार, पण आकार बेताचाच कमी आणि पोरीचा चेहरा जरा पुसट. दुसरी पद्धत नवी. आकार निम्म्याने कमी, चित्र स्वच्छ, पण लॅपटॉप तासन् तास धापा टाकणार. आधीच उल्हास, त्यात गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, आणि इतर वारीही तिची मर्जी असतेच. काम नव्वद टक्क्यांवर आलंय आणि लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. घाटातल्या पाट्या मी आयुष्यभर वाचल्या, "अति घाई संकटात नेई". पण अति सावकाशीचंही काही चांगलं होत नाही, ते कोणी पाटीवर लिहीत नाही.

म्हणून मी जुनीच पद्धत धरली आणि तोटा दुसरीकडे भरून काढला. व्हिडिओची सुरुवात कापायची. कारण आमचा प्रत्येक व्हिडिओ सारखाच सुरू व्हायचा. मी पडवीत मोबाईल धरून उभा. बायको ओट्यावर वाटी घेऊन बसलेली, वाटीत मऊ भात. चमचा वाटीवर वाजवत ती बोलावणार, "येऽ येऽ माजी बाय, येऽ गं." वाटी वाजली की अंगणातल्या कोंबड्यांना वाटायचं आपल्यालाच दाणे, त्या आधी धावत यायच्या. बायको त्यांना हाकलणार, मी खोकणार, बायको म्हणणार "जरा गप ऱ्हावा की," आणि मग कुठे आमची राणीसरकार रांगत उंबऱ्यात यायची. मुलाला बघायचीय पोर. कोंबड्या आणि माझा खोकला बघायला त्याने नेट का जाळावं? मी ते सगळं कापून टाकायचो आणि पोर उंबऱ्यात आली की तिथून व्हिडिओ सुरू. एकेका फाईलची किती बचत झाली ते दाराच्या मागे लिहायचो. मला त्याचा भारी गर्व होता.

सूनबाई एकदा म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या की थोडं." मी म्हटलं, "बाय, एमबी काय झाडाला लागतात?"

मग तो गुरुवार आला. आदल्या संध्याकाळी मुलाचा फोन आला होता, उद्या रात्रीपासून जहाजाचं नेट काही आठवडे बंद राहणार, काहीतरी दुरुस्ती. आणि गुरुवारी सकाळी पोर पडवीतल्या खांबाला धरून उभी राहिली, खांब सोडला, आणि बायकोच्या वाटीच्या दिशेने चालत गेली. पहिल्यांदा. सगळं मोबाईलमध्ये आलं.

हे आजच गेलं पाहिजे. पण व्हिडिओ लांब होता. जुन्या पद्धतीने तो मुलाच्या उरलेल्या नेटमध्ये बसत नव्हता, नव्या पद्धतीने बसत होता. लॅपटॉप लावायला गेलो तर लाईट गेलेली. दुपारभर मी अंगणात येरझारा घातल्या. लाईट आली तशी नवी पद्धत लावली आणि लॅपटॉपसमोर बसून राहिलो. कापाकापीला वेळ नव्हता, सुरुवात तशीच राहिली. दिवेलागणीला काम झालं. फाईल इवलीशी झाली होती. सूनबाईच्या नव्या मोबाईलवर लावून बघितली, लख्ख दिसली. पाठवली आणि मग पोटभर जेवलो.

थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. "आबा, उतरला. पर चित्र काळंच दिसतंय. नुसता आवाज येतोय." त्याचा मोबाईल जुना, त्याला नवी पद्धत कळतच नव्हती. माझ्या गाडीत बसलं ते पुढच्या गाडीतही बसेल, एवढं मी गृहीत धरलं होतं. आता दुसरा पाठवायचा तर त्याचं नेट संपत आलेलं. तो "असू द्या, असू द्या" म्हणत होता तेवढ्यात फोन तुटला.

त्यानंतरचे आठवडे मला जड गेले. सगळी गाडी नीट भरली आणि जो पाहुणा न्यायचा तोच स्टँडवर राहिला, असं झालं. दाराच्या मागचे आकडे ओल्या फडक्याने पुसून टाकले. पोर आता घरभर चालत होती आणि मला तिच्याकडे बघताना चोरट्यासारखं वाटायचं. आपण बघतोय आणि त्याने बघितलं नाही.

नेट सुरू झालं तसा मुलाचा निरोप आला, बोलून पाठवलेला. मी तो बायकोला आणि सूनबाईला मध्ये बसवून ऐकवला. "आबा, मी त्यो व्हिडिओ रोज ऐकतोय. आईचा चमचा, कोंबड्या, तुमचं खोकनं. आई तुमाला वरडली ते पन हाय. आन मग समदी एकदम गप झाली. कोंबड्यासुदिक. तितं मला कळलं, आता चालली. मंग आई रडली, म्हंजे पोचली." जरा थांबून तो म्हणाला, "आबा, आदीच्या व्हिडिओत पन हे असायचं का? तुमी कापत व्हता का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला. मला रडू आलं होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पुढे माझी पद्धत बदलली. पोरीचं चित्र जुन्या पद्धतीने, थोडकंच. आणि सोबत आवाजाची वेगळी फाईल, लांबलचक, सुरुवातीपासून. आवाजाला जागा किती थोडी लागते हे मला माहीतच नव्हतं. सबंध दुपारचा आमचा गोंधळ, चमचा, कोंबड्या, दळण आणायला जाताना बायकोने मारलेली हाक, हे सगळं मिळून एका छोट्याशा व्हिडिओएवढंही होत नव्हतं. मुलगा म्हणायचा, इंजिनाच्या आवाजातून सुटला की कानाला लावून झोपतो.

तो परत आला तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. पोरीने त्याला बघितलं आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. हे होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सूनबाईचा चेहरा पडला. मुलगा जवळ गेला नाही. बूट काढले, हातपाय धुतले आणि सरळ आत जाऊन भाताची वाटी घेऊन आला. ओट्यावर आईच्या जागी बसला आणि चमचा वाजवायला लागला. तोच ठेका. आणि त्याच्या आईच्या चालीत, तिच्यासारखाच शेवट लांबवत, "येऽ येऽ माजी बाय, येऽ गं."

आधी कोंबड्या आल्या. त्याने त्यांना हाकललं, तेही आईच्याच शब्दांत. पोरीने लुगड्यातून डोकं बाहेर काढलं. आजी तर इथे आहे, मग वाटी कोण वाजवतंय? ती निघाली. मी मोबाईल वर धरून उभाच होतो. ती त्याच्याजवळ पोचली आणि त्याला ओलांडून माझ्याकडे यायला लागली, हात पुढे करून, मोबाईलकडे बघत. "बाबा," ती म्हणाली.

मी मोबाईल खिशात घातला.

तिने माझे रिकामे हात बघितले. मागे चमचा वाजत होता, थांबला नव्हता. ती वळली, तशीच डुलत डुलत ओट्यापाशी गेली आणि त्याच्या गुडघ्याला धरून तिने आ केला.

सूनबाई नंतर म्हणाली, "आबा, व्हिडिओ काढला ना?" मी म्हटलं, "न्हाई गं, ऐन वक्ताला खिशात घातला." पण घाईत बंद करायचा राहिला होता. संध्याकाळी बघितलं तर खिशातलं सगळं आलेलं, चित्र काळंकुट्ट आणि आवाज स्वच्छ. चमचा, कोंबड्या, माझा खोकला. मग सगळे गप्प. मग मुलाच्या रडण्याचा आवाज.

फाईल बरीच मोठी आहे. मी ती लहान केलेली नाही.