हरणारीचं फूल

आमच्या जिमखान्यात बॅडमिंटनच्या शटलला सगळे फूलच म्हणतात. इथल्या जुन्या वार्षिक स्पर्धेची रीत अशी, की कप जिंकणारीला आणि शेवटच्या गुणाचं फूल हरणारीला. विजेत्यांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत आहेत. मी रोज त्याखालून जाते, पण मान वर करून बघतं कोण?

आज प्रौढ महिलांचा अंतिम सामना हरल्यावर सुलभाताईंनी पिसं विस्कटलेलं फूल उचललं.

“यंदाही फळ्यावर नाव नाही,” मी हळहळले.

“नसू दे गं. मला हरवणारी प्रत्येक जण माझ्या शोकेसमध्ये आहे. कुठलं फूल कुणाचं, डोळे मिटून सांगेन.”

इतक्या विजेत्या एवढ्या मायेनं आणखी कुणी सांभाळल्या असतील? मी विचारच करत होते, तोवर ताईंनी ते फूल चक्क अंबाड्यात खोचलं आणि विजेतीला मिठी मारायला निघाल्या.