चुन्याच्या डबीतलं इंजिन

आमच्या खर्डीत कोणी कोणाच्या स्लॅबवर जळतं, कोणी कोणाच्या जावयावर. मी तर समोरच्याच्या कोंबडीनं जास्त अंडी दिली तरी जळतो. पण स्वतःच्या बायकोच्या बोटांवर जळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तोही माझ्या गिरणीच्या ओट्यावरून, बसल्याजागी. तो म्हणजे महिपत.

महिपत लाउडस्पीकरवाला. हळद असो, पूजा असो, कर्णे याचेच. माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणताना असा काही रुबाब, की नवरदेवानं बाजूला सरकून याला जागा द्यावी. उरलेल्या वेळात घराच्या पडवीत बसून लोकांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्याच्या दारात एक मोटार येऊ लागली. मोटार नाशिकच्या दातांच्या डॉक्टरांची. जवळच उंबरमाळीच्या अंगाला त्यांनी बंगला बांधला होता. त्या बंगल्यातली एक अख्खी खोली त्यांनी आगगाडीला देऊन टाकलेली! टेबलावर घाट, बोगदे, पूल आणि रुळांवर वीतभर लांबीची इंजिनं. परदेशातून आणलेली, हुबेहूब. फक्त मुकी. त्यांना बोलतं करायला अंगठ्याच्या नखाएवढी एक पट्टी मिळायची. साउंड डिकोडर म्हणायचे तिला. इंजिनाची घरघर, ब्रेकचं किंचाळणं, हॉर्न, सगळे आवाज तिच्या पोटात. पट्टी इंजिनात बसवायची, तिला बटणाएवढा स्पीकर जोडायचा, की इंजिन खऱ्यासारखं बोलतं. डॉक्टरांची नजर आता बारीक कामाला साथ देत नव्हती, म्हणून ते महिपतकडे आले. माझ्याकडे कोण येणार? माझ्याकडे पीठ.

पहिलं इंजिन बोललं ते बाटलीत कोंडलेल्या डासासारखं. महिपतनं ते दोन दिवस उघडून-मिटून पाहिलं. मग माझ्या ओट्यावर येऊन माझी चुन्याची डबी उचलली, चुना माझ्याच तळहातावर रिकामा केला आणि निघाला.

"अरे, चोरा!"

"नवी घे रे कमळ्या. स्पीकरला पाठीमागनं घर लागतं, नायतर आवाज पळून जातो."

प्लास्टिकची ती डबी त्यानं कापून बुटकी केली, स्पीकर तिच्या तोंडावर चिकटवून फटी बुजवल्या, आणि त्या वीतभर इंजिनानं असा हॉर्न दिला की गिरणीत दळणाला आलेल्या बायका रूळ ओलांडायच्या थांबतात तशा थांबल्या. आवाज तपासायचा म्हटलं की मला गिरणी बंद करावी लागे, हे वर.

पण डबीचं डोकं महिपतचं असलं तरी तारा होत्या केसाएवढ्या. जाड वायरी ओढून ओढून याची बोटं झालेली काकडीसारखी. सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथिलाचा, थेंब एका तारेवर पडायचा तो तिघींवर पडायचा. तेव्हा त्याची बायको सकुबाई भाकरीचे हात धुऊन आली आणि म्हणाली, "सरका वाईच."

सकुबाईचं माहेर मुरबाडकडचं. तिची आत्या तिथल्या म्हसा गावच्या यात्रेत काळ्या मण्यांच्या पोती ओवून द्यायला बसायची, आणि सकुबाई लहानपणापासून तिच्या शेजारी. तिनं एकेक तार वेगळी केली, प्रत्येकीला रबरी नळीचं बारीक झबलं घातलं आणि टोकाला मोहरीएवढा थेंब दिला. पोत ओवल्यासारखं. पुढची सगळी इंजिनं तिनंच बसवली, आणि दर इंजिनामागे माझी एक डबी गेली. डॉक्टर समजत होते महिपतनं. महिपत त्यांची समजूत मोडत नव्हता.

एक दिवस डॉक्टर न सांगता आले. महिपत माझ्या ओट्यावर तंबाखू मळत होता, आणि पडवीत सकुबाई इंजिन उघडून बसलेली. डॉक्टरांनी भिंग लावून जोड पाहिले.

"हे तुमचं काम आहे? अहो, माझ्या दवाखान्यात इतका सफाईदार हात कोणाचा नाही!"

महिपतच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. त्या दिवसापासून मोटार दारात आली की काच खाली व्हायची आणि विचारणा व्हायची, "सकुबाई आहेत का?" महिपत पुढे उभा असला तरी! मग तो घरात जाऊन माइक लावायचा आणि "हॅलो, हॅलो" करायचा. कुठं कार्यक्रम नसताना.

"पोटात दुखतंय काय रे?" मी विचारायचो.

"मला काय दुखायचंय? शिकवली कोणी तिला? मीच ना?"

पौष आला आणि सकुबाई आत्याच्या मदतीला म्हशाला गेली. नेमके त्याच आठवड्यात डॉक्टर दोन इंजिनं आणि दोन डिकोडर देऊन गेले. कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिन जोडतात ना, तशी जोडी त्यांना रविवारी पाहुण्यांना दाखवायची होती. ठिकठिकाणचे आगगाडीचे शौकीन येणार होते. जाताना बजावून गेले, "इंजिनाच्या बॉडीला कुठलीही तार टेकता कामा नये. आणि रविवार हुकला तरी चालेल, सकुबाई येईपर्यंत थांबा."

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

महिपत मला म्हणाला, "बघच तू. रविवारी डॉक्टर माझं नाव घेतो की नाय." दार लावून बसला. पण वीस वर्षांची सवय! अॅम्प्लिफायरमध्ये एक तार पत्र्याला लावायची असते, हे त्याच्या बोटांत इतकं मुरलेलं, की डोकं 'नको' म्हणेपर्यंत बोटांनी स्पीकरची एक तार इंजिनाच्या लोखंडाला डकवून टाकली. रुळावर ठेवून बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. धूर मात्र निघाला, कोळशाच्या इंजिनासारखा.

"खरं वाटतंय रे!" मी खिडकीतून म्हणालो. त्यानं माझ्या अंगावर पकड फेकली.

आता एकच डिकोडर उरला. तो जळला तर डॉक्टर पुन्हा दारात येणार नाहीत, आणि गावात महिपत पुन्हा नुसता कर्णेवाला. त्यानं उरलेलं इंजिन जेवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलं, पिशवीत सोल्डरचं सामान, बटणाची पेटी आणि रुळाचा तुकडा घातला. "म्हशाला घोंगडी बघून येतो," म्हणाला. घोंगडी मलाही बघायची होती. अशी घोंगडी कोण चुकवतो? शहापूर, किन्हवली, मुरबाड करत एसटीनं आणि पुढे जीपनं आम्ही यात्रेत पोचलो.

आत्याच्या पथारीभोवती बायकांचा गराडा. मधे सकुबाई मणी ओवत बसलेली. महिपत पुढे घुसू लागला तशी एक म्हातारी कडाडली, "ओ बाबा, लायनीत! आमी सकाळपासनं उभ्या हाव."

नवरा बायकोच्या लायनीत उभा राहिला. मी त्याच्या मागे, हसू दाबत. नंबर आला तेव्हा सकुबाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"काय तुटलंय?"

महिपतनं डबा उघडून पुढे केला. तिनं इंजिन पाहिलं, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"दुसरं कुठंय?"

"ते... गेलं."

"बॉडीला लावली ना तार?"

महिपतनं डब्याचं झाकण लावलं.

"चल की मग घरी," म्हणाला.

"यात्रा उठल्याबिगर मी येनार नाय. इथंच करते. पन रविवारी डॉक्टरला काय सांगनार ते आदी बोला."

बायका कान देऊन ऐकत होत्या. लग्नात हजार माणसांपुढे बोलणारा हा माणूस पुटपुटला, "काम तू केलंस म्हनून सांगीन."

"माइक नाय काय तुमच्याकडं? ऐकू नाय आलं."

"काम तू केलंस म्हनून सांगीन!" तो ओरडला, आणि म्हातारी म्हणाली, "बरा हाय गो तुझा नवरा."

पाळणेवाल्याच्या जनरेटरवरून वायर घेतली. सकुबाईनं मण्यांच्याच पाटावर सगळे जोड केले, झबली घातली. पण तपासायचं कसं? चहूकडे पाळण्यांची गाणी आणि पिपाण्या. महिपत पाटाजवळ गुडघे टेकून वाकला, रुळाला कान लावला आणि डोळे मिटले. दोन्ही हातांनी आम्हाला गप्प राहायची खूण केली, जणू यात्राच गप्प होणार होती. मग त्याच्या मिशीखाली हसू फुटलं. मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं, कारण लगेच त्यानं ते पुसून टाकलं.

रविवारी सकुबाई यात्रेतच होती, बंगल्यावर आम्ही दोघंच गेलो. एकच इंजिन घाट चढलं, पण हॉर्न देत चढलं. जळालेलं डॉक्टरांनी उलटसुलट पाहून बाजूला ठेवलं, मग पाहुण्यांसमोर म्हणाले, "आवाज मात्र सुरेख! कोणाचं काम, महिपत?"

महिपतनं माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या.

"सकूचं," तो म्हणाला. खोली टाळ्या वाजवू लागली, तसं त्याला राहवेना. "पन आवाज ज्या डबीतनं येतो ना डॉक्टर, ती डबी माझी हाय."

मी पुढे सरकून पाहुण्यांना नमस्कार केला. कोणीतरी खरं सांगायलाच हवं होतं.

"डबी माझी," मी म्हणालो. "यानं उचलून नेली."