शेरीफसाहेबांचा निरोप समारंभ

बाबांनी नागपूरला परत जायचं काढलं तेव्हा मी त्यांना नऊ मुद्दे लिहून दिले. एका पानावर, टाइप करून, क्रमांक घालून. त्यांनी इथेच, अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे राहावं यासाठीची नऊ कारणं. डॉक्टर जवळ, विमा चालू, चालायला रस्ता सपाट, नात घरात, वगैरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद माझ्या लॅपटॉपवर ठेवलेला होता. समासात पेन्सिलीने शेरे होते. मुद्दा एक: नोंद घेतली. मुद्दा दोन: तत्त्वतः मान्य. मुद्दा चार: पुरावा जोडलेला नाही. मुद्दा सात: ही मुद्दा पाचचीच पुनरावृत्ती आहे. आणि सगळ्यात खाली, ‘सबब, विनंती फेटाळण्यात येत आहे’, त्याखाली सही आणि तारीख.

बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. यादी करायची सवय मला त्यांच्याकडूनच आली, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

आई गेल्यानंतर मी त्यांना इकडे आणलं. आई दोन तासांत गेली. बाबा बँकेत गेले होते, परत आले तर शेजारी दारात उभे. मी तिसऱ्या दिवशी पोचले. त्यानंतर घर बंद करून त्यांना विमानात बसवलं ते ‘थोडे दिवस’ म्हणून, आणि त्या थोड्या दिवसांना दीड वर्ष झालं. आता त्यांना परत जायचं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते, तिच्यासाठी त्यांच्या वस्तीची पाणपोई असते, आणि त्या पाणपोईवर बाबांची कॉलेजात असल्यापासून ड्यूटी. मागच्या वर्षी ती चुकली. या वर्षी चुकवायची नव्हती.

तडजोड निघाली ती टीव्हीमुळे.

आमच्याकडे एका चॅनलवर दुपारी दोन वाजता एक जुनी मालिका लागते. जुन्या अमेरिकेतलं पश्चिमेकडचं धुळीचं गाव, घोडे, गावचा फौजदार म्हणजे शेरीफ, एक म्हातारा डॉक्टर, एक खाणावळवाली बाई. ही मालिका पूर्वी इतकी वर्षं चालली की सुरुवातीला काळ्या केसांचा असलेला शेरीफ शेवटाकडे चांगला पिकलेला दिसतो. बाबांना ती इकडे आल्यावर चौथ्याच दिवशी सापडली. इंग्रजी अर्धं कळायचं, पण त्यांना अडचण नव्हती. नोकरीत त्यांनी सहा वर्षं धरणाच्या कॉलनीत काढली होती. ते म्हणायचे, तिथेही असंच होतं. एकच रस्ता, एक डॉक्टर, एक खाणावळ आणि सगळ्या गावाची भांडणं साहेबांच्या ओट्यावर. शेरीफला ते पहिल्यापासून ‘साहेब’च म्हणत.

मी घरूनच काम करते. दोनच्या सुमाराला जेवायला खाली यायची तेव्हा बाबा आदल्या दिवशीचा सारांश सांगत. मी त्यांना एक तक्ता करून फ्रिजवर लावून दिला: भाग क्रमांक, दिनांक, अभिप्राय. अभिप्रायाचा रकाना ते रोज भरत. ‘निकाल योग्य.’ ‘साहेबांनी आधी चौकशी करायला हवी होती.’ ‘घोडा कालचाच.’ माझी मुलगी शाळेतून आली की तो रकाना मोठ्याने वाचायला लावायची आणि म्हणायची, “आजोबा, यू आर सो हार्श.” मग तिला ‘सबब’ म्हणजे काय ते समजावून सांगायला त्यांना आणखी पंधरा मिनिटं मिळायची.

तर बाबा म्हणाले, एवढी मालिका संपू दे, मग जातो. साहेबांचा शेवट बघायचाय.

मी तेव्हाच हिशेब मांडला. आठवड्याला पाच भाग, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपणार. माझ्या हातात अकरा आठवडे होते. अकरा आठवड्यांत त्यांचं मन वळेल, असं मी गृहीत धरलं. नोकरीत माझं हेच काम आहे. शेवटची तारीख ठरलेली असते आणि तिच्याआधी माणसांना राजी करायचं असतं.

ऑगस्टच्या मध्याला बाबांनी विचारलं, शेवटच्या भागाला कोणाकोणाला बोलवायचं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. खात्यात असताना निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचा निरोप समारंभ बाबा करत. शाल, पुष्पगुच्छ, दोन भाषणं, बटाटेवडा, आणि बाबांनी स्वतः लिहिलेलं मानपत्र. शिपायापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत कोणाला सोडलं नाही. आता साहेब निवृत्त होणार, तर समारंभ झालाच पाहिजे. मालिका म्हटली की शेवटच्या भागात सगळे एकत्र येणार, भाषण होणार, बिल्ला काढून ठेवणार, हे ते धरूनच चालले होते. पलीकडच्या गल्लीतल्या पुण्याच्या काका-काकूंना त्यांनी परस्पर आमंत्रणही दिलं होतं. ते दोघं सहा महिने इकडे मुलाकडे, सहा महिने तिकडे असे राहतात आणि बाबांबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातात.

कार्यक्रम नीट व्हावा म्हणून मी शेवटच्या भागाची माहिती काढायला बसले. आणि वाचून चिडलेच.

त्या मालिकेला शेवटच नव्हता. एका उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे काम थांबलं आणि सगळे सुट्टीवर गेले. गावाचा सेट उभा, कपडे नंबर लावून टांगलेले, घोडे त्यांच्या त्यांच्या मालकांकडे. तेवढ्यात वरच्या ऑफिसात ठरलं, आता पुरे. कोणाला पत्र नाही, बोलावणं नाही. शेरीफचं काम करणाऱ्या माणसाला बाहेरच्याकडून फोनवर कळलं. सुट्टीआधी जो भाग सहज म्हणून केला होता तोच शेवटचा ठरला. इतक्या वर्षांचं काम, ना हँडओव्हर, ना क्लोजर. माझ्या टीममध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवून विचारलं असतं.

हे बाबांना लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या. मग त्यांनी मानपत्र लिहायला घेतलं आणि सांगणं आणखी अवघड झालं. डायनिंग टेबलावर बसून ते खाडाखोड करत आणि मला विचारत, ‘निष्कलंक’ लिहू की ‘निःस्पृह’? मी म्हणायची, दोन्ही लिहा. निरोपाशिवाय गेलेलं एक माणूस त्यांनी बघितलं होतं. तसलं आणखी काही, टीव्हीवरचं का होईना, मला त्यांना दाखवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो भाग यायलाच नको होता मला. त्याच्या मागे विमानाचं तिकीट होतं.

पण तो यायचा तेव्हा आला. मी त्या दुपारी रजा घेतली. काकू साबुदाणावडे घेऊन आल्या, काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाबांनी जॅकेट चढवलं होतं. टीव्हीखालच्या कपाटावर आईची राखाडी शाल घडी घालून ठेवली होती, तिच्याशेजारी फुलं. मी दुकानातून तयार गुच्छ आणला होता. बाबांनी त्याचा प्लॅस्टिकचा कागद काढून टाकला.

भाग सुरू झाला. गावाबाहेर एक विधवा बाई आपली गाढवं विकायला काढते आणि तिचे दोन दीर त्यावरून भांडतात. शेरीफ सुरुवातीला एकदा येतो, घोड्यावरूनच विचारतो, सगळं ठीक ना, आणि पुढे निघून जातो. मग गाढवं, दीर, पुन्हा गाढवं. काका दोनदा म्हणाले, येतील, साहेब आता येतील. डॉक्टर आलाच नाही. खाणावळवाली तर आधीच्या वर्षांतच कुठेतरी निघून गेली होती. शेवटी बाईने एक गाढव ठेवून घेतलं, सगळे हसले, नावं वर सरकायला लागली आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांची जाहिरात लागली.

काकूंनी विचारलं, “ब्रेक आहे का गं?”

मी नाही म्हटलं. संपली मालिका.

“म्हणजे गाढवावर संपवली?” काका म्हणाले आणि काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वड्याकडे वळले.

बाबा टीव्हीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तीन आठवडे.”

मग मी सगळं सांगितलं. सुट्टी, उभा सेट, फोन. भराभर सांगितलं, मीटिंगमध्ये वाईट बातमी सांगते तसं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. काकांना म्हणाले, माझी मुलगी फार दक्ष आहे, आमच्या वतीने वाईटही स्वतःच वाटून घेते. काका हसले, मग हसायचं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं.

मला वाटलं, आता ते कागद घडी करून खिशात ठेवतील. त्यांनी चष्मा लावला आणि उभे राहिले.

“त्यांच्या ऑफिसने दिला नाही, तो त्यांचा प्रश्न. आपण माणसं जमवलीत. आपण देऊ.”

आणि त्यांनी मानपत्र वाचलं. टीव्हीचा आवाज मी बंद केला होता. पडद्यावर एक बाई गुडघा चोळत जिना चढत होती. ‘सन्माननीय शेरीफसाहेब, आपण या गावात प्रदीर्घ काळ निष्कलंक व निःस्पृह सेवा बजावलीत. आपल्या ओट्यावरून कोणीही न ऐकलेला परत गेला नाही. गोळी झाडण्यापूर्वी आपण बहुतेक वेळा विचार केलात. घोड्यांच्या तुटवड्यातही कामकाज अडू दिलं नाहीत.’ असं दीड पान. शेवटचं वाक्य होतं, ‘आपलं काम आम्ही पाहिलं आहे, याची ही पोच.’ ते त्यांनी दोनदा वाचलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. काकू डोळे पुसत होत्या. शाल कोणाला द्यायची हा प्रश्न होता. बाबांनी ती काकूंच्या खांद्यावर घातली, त्या नको नको म्हणत असताना. तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

चार वाजता ते दोघं घरी गेले. मी कप विसळत होते. बाबांनी जॅकेट खुर्चीला अडकवलं आणि मागे येऊन उभे राहिले.

“तिकीट बघ आता.”

मी नळ बंद केला. दसऱ्याची गर्दी, त्यांच्या डोळ्याची तपासणी, एवढा लांबचा एकट्याने प्रवास, मी एकामागून एक सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

“मुद्दे नको.”

मी त्यांच्याकडे वळले. हात ओले होते. मी म्हणाले, “बाबा, मला तुम्ही इथे हवे आहात. बाकी काही नाही. सकाळी खाली आले की तुम्ही दिसायला हवे आहात.”

त्यांनी चष्मा काढला. मग खुर्ची ओढून बसले.

“हे त्या कागदात नव्हतं.”

“नव्हतं.”

“काहून?”

“ते काही कारण नाही ना, बाबा. तुम्ही पुरावा मागितला असता.”

“नसता मागितला,” ते म्हणाले. “इतके दिवस तू माझी सोय पाहून राहिली, औषधं पाहून राहिली. मला वाटलं, एक काम आहे हिच्या यादीत. टिक झालं की सुटली.”

माझ्या हातांतून अजून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ओट्यावरचा टॉवेल माझ्याकडे सरकवला.

“मी जाईन,” ते म्हणाले. “पाणपोईवर माझ्या वयाचे दोघंच उरलेत, आणि तुझ्या आईचं घर बंद ठेवून मला इथे झोप लागत नाही. पण थंडी संपली की मला ये म्हण. मी येईन.”

“या ना.”

“आत्ता नाही. तेव्हा म्हण. फोन करून म्हण, ईमेल नको.”

सप्टेंबरच्या शेवटी ते गेले. दसऱ्याला त्यांनी पाणपोईचा फोटो पाठवला. पांढरा सदरा, हातात पाण्याचा जग, समोर ग्लास धरलेले अनोळखी हात. हिवाळाभर आम्ही दर रविवारी बोललो. हवा, गुडघा, भाजी, नातीच्या परीक्षा. तो विषय ना त्यांनी काढला, ना मी. दोनदा जिभेवर आला होता, पण बाहेर अजून बर्फाळ पाऊस पडत होता आणि थंडी संपली की, असं ठरलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी गाडीच्या काचेवर पाइनचे पिवळे पराग बसलेले दिसले. इथे थंडी संपली की आधी तेच दिसतं. रविवार नव्हता. त्या दिवशी एका मीटिंगसाठी ऑफिसला जायचं होतं. मी गाडीत बसले आणि इंजिन सुरू न करता फोन लावला.

“बाबा, या.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“किती उशीर केला,” ते म्हणाले. “मी होळीपासून वाट पाहून राहिलो.”