समिती येऊन जाऊ दे

शमीमच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा, फोन आला तेव्हा मी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात फाइलींच्या पाठीवर लेबलं चिकटवत बसले होते. "ताई, शमीम गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी कॉलेजला निघताना ती जिन्यातच कोसळली होती. त्याला आता दीडेक महिना होईल...

पनवेलच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो आणि तेव्हापासून एकाच टेबलावर डबा खात आलो. तिच्या तांदळाच्या भाकरीवर सगळ्या स्टाफरूमचा डोळा असे. फळ्यावर शिकवण्यात तिचं मन रमायचं नाही. ती मुलांना खाडीकाठी न्यायची, चिखलात उतरवून तिवरांची मुळं दाखवायची. कामोठ्याच्या मुली मग चपला हातात धरून घरी जायच्या.

पुढे कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार असं ठरलं आणि खाडी राहिली बाजूला. गेल्या काही वर्षांत जे जे केलं त्याचे पुरावे हवे होते. शमीमचं काम नेटकं, म्हणून ते तिच्याच गळ्यात पडलं. त्यात प्रवेशाची मोहीम, पेपर तपासणी, बढती अडलेली म्हणून शोधनिबंध. विभागातल्या रिकाम्या जागांचे तासही आम्हीच घ्यायचो. एकदा वृक्षारोपणाच्या फोटोंवर ठिकाण आणि वेळ उमटलीच नाही. "रोपं उपटून पुन्हा लावा आणि फोटो पाठवा," असा ऑफिसातून निरोप आला. शमीम म्हणाली, "रोपाला कुणी हात लावायचा नाही. मी नुसती कुदळ घेऊन वाकते, तू फोटो काढ." त्या फोटोत ती खदाखदा हसते आहे.

छातीत दुखायचं म्हणून डॉक्टरांनी तिला अँजिओग्राफी सांगितली होती. "समिती येऊन जाऊ दे," ती म्हणाली. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, कारण आम्ही सगळे तेच बोलत होतो. कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं समितीनंतर. समितीची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. "आता तरी दाखवून ये," मी म्हटलं, तर म्हणाली, "मी रजेवर गेले की हे सगळं तुझ्यावर येईल गं." मला अजून तिचा राग येतो. कॉलेजचा तर येतोच.

शेवटी शमीम गेल्यावर समिती आली, फाइली चाळल्या, जेवली आणि गेली. नंतर इक्बालभाई तिच्या वस्तू न्यायला आले. खुर्चीवरची उशी, छत्री आणि चिखलात घालायचे रबरी बूट. त्यांनी सगळं पिशवीत भरलं, बूट मात्र हातातच ठेवले.

"ताई, ती कमिटी आली होती ना? काय बोलले?"

"चांगलं बोलले. शमीमच्या कामाचं कौतुक केलं."

त्यांनी बुटावरचा वाळलेला चिखल अंगठ्याने खरवडला.

"जुम्म्याला कबरस्तानात जातो, तेव्हा सांगतो तिला... गेली म्हणावं कमिटी."