अर्धं छाटलेलं पिकॅन

सत्तरीत पिकॅनची बाग लावायला निघालेला माणूस अख्ख्या टेक्सासात एकच, आमचा डेलबर्टमामा. पिकॅन म्हणजे अक्रोडाच्या जातीचं झाड, त्याला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. तरी नदीकाठच्या त्या तुकड्यात महिनाभर त्याचं नुसतं झाडांच्या जागांवर खुंट्या ठोकणं आणि उपटणं चाललं होतं. चाळीस फुटांवर ठोकल्या की म्हणायचा, "रान ओसाड दिसतंय." जवळ घेतल्या की म्हणायचा, "उद्या एकमेकांच्या उरावर बसतील." बघून बघून मलाच चक्कर यायची.

शेवटी जानेवारीत रोपं लागली. लावल्यावर रोप अर्ध्यावर छाटायचं असतं, कारण उपटून आणलेल्या मुळांना सगळा शेंडा पोसवत नाही. मामाला हे पाठ होतं, पण कात्री घेऊन तो पहिल्या रोपाभोवती नुसताच घिरट्या घालत राहिला. ओलेटामामीचं डोकं फिरलं. तिने कात्री हिसकावून सगळी रांग सपासप छाटून टाकली.

"अगं, दोन वर्षांची वाढ कापलीस!" मामा कळवळला. "तेवढा वेळ आहे का माझ्याकडे?"

कात्री त्याच्या हातात परत कोंबत मामी म्हणाली, "मग दोन वर्षं जास्त जग."