पट्टा लावलेला एसीवाला

ती केस आठवली की मला अजून हसू फुटतं, आणि लगेच थोडी लाजही वाटते. पोलिसातली नोकरी सोडून दोन वर्षं झाली, पण ही एक केस मी भेटेल त्याला सांगतो. आज तुम्ही सापडलात!

मी तेव्हा अंधेरी पूर्वेला पीएसआय होतो. नवीन होतो, फोन वाजला की खुर्चीतून उडायचो. डिसेंबरातली सकाळ. आपली मुंबईची थंडी, म्हणजे पंखा एकवर आणि अख्खं पोलीस स्टेशन स्वेटरमध्ये. ठाणे अंमलदारांकडे फोन आला. जवळच्या एका सोसायटीचा प्लंबर बोलत होता. "साहेब, आमच्या बिल्डिंगला एक माणूस दोर बांधून लटकलाय. एसीचे तांब्याचे पाइप कापतोय. लवकर या!"

तांब्याची चोरी थंडीतच सोपी. एसी बंद असतात, बाहेरच्या मशीनचा पाइप गेला तरी मार्चपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि मी आणि आमचे हवालदार, मी त्यांना काका म्हणायचो, गाडी काढून सुटलो.

खरंच, सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर एक तरुण उभा होता. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, अंगाला पट्टे, पाठीला हूक आणि दोर वर गच्चीतल्या खांबाला. खाली प्लंबर आमची वाटच बघत होता. "बघा ना साहेब, कुठला एसीवाला असा सजून येतो? आमच्याकडे येतात ते सरळ खिडकीबाहेर पाय टाकतात. हे सगळं चोराचं सामान."

आणि मला ते शंभर टक्के पटलं! कारण मीसुद्धा पट्टा लावलेला एसीवाला जन्मात बघितला नव्हता.

आम्ही सातव्या मजल्यावर धावलो आणि मी खिडकीतून ओरडलो, "ए, चल आत ये! पोलीस!"

"येतो साहेब. ओरडू नका, दव पडलंय, छज्जा निसरडा झालाय."

मग तो आला, पण कसा! एक पाऊल, थांबला. दोर ओढून बघितला. दुसरं पाऊल. खिडकीतून आत यायला त्याने पाच मिनिटं लावली आणि आत आल्यावरच हूक सोडला. काका माझ्या कानात म्हणाले, "साहेब, पळणारा माणूस इतका निवांत असतो का?"

"सराईत असेल, काका."

चौथ्या मजल्यावरच्या तीन मशीनचे पाइप खरोखरच गायब होते. घरातल्या बाई म्हणाल्या, सर्व्हिसिंगवाला आहे; मी म्हटलं, चोर असंच सांगून आत शिरतो. ह्याच्या पिशवीत तांबं नव्हतं. मी म्हटलं, साथीदाराने नेलं असेल. खिशात मात्र आठ पेन्सिल सेल सापडले. आता बोला! मी तर जाम खूश. मशीनला उरलेला पाइपचा कापलेला तुकडा पंचनामा करून सोबत घेतला आणि सगळी वरात पोलीस स्टेशनला.

आधी प्लंबरचा जबाब घेतला. त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. "चहा सांडला, साहेब." डाव्या हाताने त्याने कशीबशी, पहिलीतल्या पोराने करावी तशी सही केली आणि शाबासकीची वाट बघत बाकड्यावर बसला.

मग मी ह्याच्याकडे वळलो. "सेल कुणाचे?"

"रिमोटचे."

"म्हणजे सेलपण चोरतोस?"

"काढून घेतो, साहेब. मशीन उघडायच्या आधी मी मेन स्विच बंद करतो. पण घरातलं कुणीतरी लाइट गेली समजून परत चालू करतं आणि पोरं रिमोट दाबत बसतात. माझी बोटं तेव्हा पंख्यात असतात. म्हणून काम होईपर्यंत सेल माझ्या खिशात."

काकांनी त्याचे हात उलटेसुलटे करून बघितले. "दहाच्या दहा आहेत, साहेब."

"आणि हा पट्टा? बाकीचे कुठे लावतात?"

गडी लाल झाला. घड्याळाकडे बघायला लागला. मी टेबलावर हात आपटला तसा घाबरून एकदम मालवणीत घसरला, "माका सोडा हो साहेबानू, माझो साखरपुडो आसा आज!"

काका कुडाळचे. ते खुर्ची ओढून जवळच बसले. "खंय रे?"

"दिंडोशीक. पाच वाजता."

मग सगळं बाहेर आलं. मुलीच्या वडिलांना हे स्थळ नको होतं, पोरगा इमारतीबाहेर लटकतो म्हणून. मुलीने अट घातली, पट्टा लावणार असशील तर हो, नाहीतर नाही. तेव्हापासून रोज खिडकीबाहेर पडला की तो तिला लावलेल्या हुकाचा फोटो पाठवतो. त्याचा फोन बघितला. खरंच, नुसते हूकच हूक! लोक गुलाब पाठवतात, हा हूक पाठवतो.

"साहेब, चोर म्हणून नाव लागलं तर लग्न गेलंच," तो म्हणाला, "आणि कामपण गेलं. मला लोकांच्या बेडरूममध्ये जावं लागतं. चोराला कोण आत घेणार?"

त्याला एक फोन करू दिला. अर्ध्या तासात ती रिक्षाने हजर. एका हाताला मेंदी, केसात अर्ध्या पिना. मला वाटलं रडेल. ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"साहेब, ह्याचा पट्टा कुठे काढायला लावलात? छज्ज्यावर की आत आल्यावर?"

"आ... आत आल्यावर."

"मग ठीक." आणि त्याच्याकडे वळून, "आणि तू रे? आज फोटो कुठाय?"

"अगं, पाठवणारच होतो, तेवढ्यात पोलीस आले ना!"

"पोलीस आले म्हणून काय झालं?"

काका तोंड फिरवून हसत होते. मला मात्र हसू येईना. साडेबारा झाले होते आणि समोरचा माणूस चोर वाटेनासा झाला होता. मी तो पाइपचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "तूच सांग, हे कुणाचं काम?"

त्याने तो फिरवून बघितला. "एसीवाल्याचं नाही. आम्ही आधी गॅस बंद करतो. ह्याने भरल्या गॅसमध्येच ब्लेड चालवलंय, बघा तेल कसं उडालंय. साहेब, तो गॅस बर्फापेक्षा थंड उडतो. हातमोजे नसले तर हात भाजतो, विस्तवाने भाजावा तसा फोड येतो."

मी आणि काकांनी एकदमच त्या जबाबावरच्या सहीकडे बघितलं.

"चहा!" मी ओरडलो. ठाणे अंमलदारांनी बिचाऱ्यांनी चहा सांगितलासुद्धा.

प्लंबर बाकड्यावरच होता. रुमाल सोडला. हातावर टम्म पांढरे फोड. "चहा कुठे सांडला? किती वाजता? कोण होतं तिथे?" तिसऱ्या प्रश्नाला त्याने सगळं कबूल केलं. तीन दिवसांपूर्वी त्यानेच पाइप कापले होते. मार्चपर्यंत निर्धास्त होता, पण सोसायटीने थंडीतच सर्व्हिसिंग काढलं आणि हा एसीवाला चौथ्या मजल्यावर पोचला की भांडं फुटणार होतं. म्हणून आधीच त्याच्यावर ढकलून दिलं. तांबं पंपरूममध्ये, टाकीच्या मागे सापडलं. दोन पंचांसमोर जप्ती झाली तेव्हा साडेतीन वाजले होते.

"साहेब, माझे सेल द्या," एसीवाला म्हणाला. "चार घरचे रिमोट बंद पडलेत." सेल घेऊन काका स्वतः त्या चार घरी गेले.

आणि मी? मी त्या दोघांना गाडीत घातलं आणि दिंडोशी गाठलं. पोलिसांच्या गाडीतून नवरा-नवरी उतरल्यावर काय गोंधळ झाला असेल, विचारूच नका! मुलीचे वडील पुढे आले, चेहरा कडक. मी टोपी काढून सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "अहो, चूक माझी आहे. मी खिडकीतून ओरडत होतो, तरी ह्याने एक पाऊल घाईत टाकलं नाही. माझी बहीण असती तर मी हेच स्थळ बघितलं असतं."

त्यांनी पोराकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. मग आत वळून म्हणाले, "अगं, पाट मांडा. आणि साहेबांना पेढा द्या आधी." झकास झाला साखरपुडा!

नोकरीत मला शिकवलं होतं, जो वेगळा दिसतो त्याच्यावर नजर ठेव. मी ठेवली. पण बाकीचे सगळे बिनपट्ट्याचे का लटकतात, हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता. आता पडतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे सर्व्हिसिंगला माणूस आला, बिनपट्ट्याचा. मी खिडकी उघडू दिली नाही. म्हणाला, "साहेब, दहा मिनिटांचं काम आहे हो, पट्टा आणायला तासभर जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे ना तासभर, यार. तू पट्टा घेऊन ये, मी चहा ठेवतो."